ज्येष्ठांच्या मानसिक आजारासाठी सरकारी पैसा: कुठून मिळतो, कशाला मिळतो, कुठे अडतो

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई रात्रभर जागी असते, कपाटातले पैसे सुनेने घेतले म्हणते. वडिलांनी बोलणंच टाकलंय, जेवणावरची वासना उडालीय. अशा घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, "वय झालं की असं व्हायचंच." दुसरा प्रश्न खर्चाचा. पहिलं वाक्य चुकीचं आहे. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं महाराष्ट्रातली सरकारी व्यवस्था धरून खाली दिली आहेत.

वृद्धांच्या मानसिक उपचारांसाठी वेगळी योजना आहे का?

त्या नावाची एकच योजना नाही. पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट आरोग्य विभागाची. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून त्याचाच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यात पोचू लागला. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये वेगळा निघाला. महाराष्ट्रात या दोन्हींचा खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. दुसरी वाट आयुष्मान आणि महात्मा फुले योजनेची, म्हणजे कार्डावर रुग्णालयात भरती होण्याची. तिसरी सामाजिक न्याय विभागाची. हातात येणारी रोख रक्कम तिथून येते.

हे आधी समजून घ्यायचं कारण असं की एका खिडकीवर नकार मिळाला की माणसं परत घरी जातात. कार्डावर बाह्यरुग्ण तपासणी मिळत नाही, म्हणून "सरकार काही देत नाही" असं ठरवून टाकतात. प्रत्यक्षात तीच तपासणी आणि त्याच गोळ्या सिव्हिलमध्ये विनामूल्य मिळतात, फक्त तो पैसा दुसऱ्या खात्यातून आलेला असतो.

सुरुवात कुठून करायची?

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. घरातल्या कुणीही फोन केला तरी चालतो, रुग्णानेच बोलायला हवं असं नाही. आपल्या जिल्ह्यात मानसोपचाराची ओपीडी कुठे आणि कधी असते, तेही तिथे विचारा.

मग जिल्हा रुग्णालय. तिथे मानसोपचार ओपीडी असते, आणि वृद्धांचा कार्यक्रम चालू असेल तर जेरियाट्रिक ओपीडीही असते. ग्रामीण रुग्णालयात जिल्ह्याचं मानसोपचार पथक ठरलेल्या वारी येतं. तो वार आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला विचारून घ्या, नाहीतर भाडं खर्चून फेरी फुकट जाते.

बरोबर न्यायच्या गोष्टी:

- घरातली सगळी औषधं एका पिशवीत. बीपी-शुगरच्या गोळ्या, झोपेची गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, मेडिकलवाल्याने दिलेली "टॉनिकं", सगळं.
- चष्मा आणि श्रवणयंत्र. ऐकू न आल्यामुळे चुकलेलं उत्तर विसरण्यात धरलं जाऊ शकतं.
- रुग्णासोबत रोज राहणारा माणूस. गाडी चालवणारा मुलगा बरोबर असावाच, पण रात्री उठून बघणारी सून किंवा पत्नी नसेल तर डॉक्टरांना निम्मीच माहिती मिळते.
- आधारकार्ड, रेशनकार्ड आणि जुने कागद.

आणि एक कागद घरीच लिहून न्या. त्रास कधीपासून आहे? अचानक सुरू झाला की हळूहळू? झोप किती? जेवण किती? लघवी-शौचाचं भान आहे का? गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडले? किराण्याचा हिशेब जमतो का? गल्लीतली वाट चुकते का? गर्दीच्या ओपीडीत प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. दहा ओळींचा हा कागद तेवढ्या वेळात तोंडी सांगण्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

थायरॉइड, बी-१२, साखर आणि सोडियम या रक्ततपासण्यांविषयी विचारा. यांतली प्रत्येक गोष्ट बिघडली तर माणूस सुस्त, गोंधळलेला किंवा उदास दिसू शकतो, आणि ती दुरुस्त करता येते.

दोन-तीन दिवसांत अचानक सगळं बदललं तर?

ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, थेट अपघात विभागात न्या. परवापर्यंत व्यवस्थित असलेली व्यक्ती आज माणसं ओळखत नाही, भिंतीशी बोलते, दिवसा झोपून रात्री ओरडते, तर ते बहुतेक वेळा लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम घटणं, डोक्याला मार किंवा नव्या औषधाचा परिणाम असतो. स्मृतिभ्रंश असा दोन दिवसांत येत नाही. पैशाच्या बाजूनेही हा फरक मोठा आहे. या दुखण्याची भरती जनरल मेडिसिनखाली होते आणि कार्डावर तिला मंजुरी मिळणं सोपं जातं. त्याच रुग्णाच्या कागदावर "मानसिक आजार" एवढंच लिहिलं गेलं, तर मूळ कारण निसटतं आणि दावाही अडकतो.

गोळ्या खरंच विनामूल्य मिळतात का?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासणी आणि औषधोपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालयं (जेजे, ससून यांसारखी) आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे ठरलेलं शुल्क द्यावं लागतं.

याशिवाय मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत कायम विनामूल्य असायला हवीत. आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय म्हणजेच हे केंद्र. दारिद्र्यरेषेखालील, निराधार आणि बेघर व्यक्तींना सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या ठिकाणी पूर्ण उपचार विनामूल्य आहेत, हातात बीपीएल कार्ड नसलं तरी.

अडचण साठ्याची येते. खिडकीवर "संपल्या, बाहेरून घ्या" म्हणतात. तेव्हा तीन गोष्टी करा. डॉक्टरांकडे परत जाऊन त्याच गटातली, साठ्यात असलेली गोळी देता येईल का ते विचारा. औषध उपलब्ध नसल्याची नोंद केसपेपरवर करून घ्या, तक्रारीला तोच पुरावा. आणि बाहेरून घ्यावंच लागलं तर जनऔषधी केंद्रात औषधाचं मूळ नाव दाखवा, कंपनीचं नको. एक गोष्ट मात्र करू नका: साठा येईपर्यंत गोळी बंद. नैराश्याची किंवा झोपेची गोळी एकदम थांबवली की घाबरेपणा, थरथर आणि निद्रानाश उसळतात, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. त्यासाठी पंधरा दिवसांऐवजी महिन्याच्या गोळ्या मागा आणि शेवटच्या आठवड्याआधीच पुढच्या आणा.

सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड कसं काढायचं?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल तर ज्येष्ठांचे ५ लाख त्याहून वेगळे. आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो.

कागद एकच लागतो, आधार. आयुष्मान ॲपवर, आपले सरकार सेवा केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) ई-केवायसी करून कार्ड निघतं.

बहुतेकांचं घोडं तीन ठिकाणी अडतं. झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तर ओटीपी, डोळा किंवा चेहरा हे पर्याय मागा. आधारला जोडलेला मोबाइल कधीच बंद पडलेला असतो, तो आधार केंद्रात आधी बदला. आणि आधारवरची जन्मतारीख चुकीची असते. जुन्या लोकांच्या बाबतीत शाळेत सांगितलेली, अंदाजाने लिहिलेली तारीखच पुढे चालत आलेली असते. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा पक्का कागद हातात आल्याशिवाय त्याला हात लावू नका.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेत असलेल्यांना वय वंदना आणि ती योजना या दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. हा निर्णय घाईने घेऊ नका. सीजीएचएसमध्ये ओपीडी आणि रोजच्या गोळ्या मिळतात, वय वंदना कार्डावर मिळत नाहीत. मानसिक आजारात खर्च वर्षानुवर्षं चालतो तो गोळ्यांचाच. खासगी विमा किंवा ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) असलेल्यांना असं निवडावं लागत नाही.

या कार्डावर मानसिक आजारासाठी भरती होता येतं का?

होता येतं. योजनेच्या उपचारयादीत मानसिक आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. मेंदूच्या विकारामुळे होणारे मानसिक आजार, स्किझोफ्रेनिया, नैराश्यासारखे भावनिक आजार, ताणाशी निगडित आजार, व्यसनांमुळे होणारे आजार आणि ईसीटी (विजेचा झटका देऊन करायचे) उपचार त्यात येतात. दर पॅकेजचा नसून वॉर्डनुसार दिवसाचा असतो, आणि पूर्वमंजुरी लागते. भरतीआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस यांतली औषधं-तपासण्याही धरल्या जातात. घरी जाताना १५ दिवसांच्या गोळ्या मागून घ्या.

रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर जाऊ नका. ते मानसोपचारासाठी योजनेत आहे का, हे आयुष्मान योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर किंवा आरोग्यमित्राला आधी विचारा. हृदयविकारासाठी यादीत असलेलं रुग्णालय मानसोपचारासाठी नसू शकतं. मानसिक विभागातले उपचार खासगीत मिळतील का, हेही त्याच फोनवर स्पष्ट करून घ्या. अनेकदा उत्तर "सरकारी रुग्णालयात जा" असंच येतं.

पूर्वमंजुरी फेटाळली जाते ती बहुतेकदा कागद अपुरा असल्यामुळे. "स्मृतिभ्रंश, चिडचिड" एवढ्यावर भरतीची गरज सिद्ध होत नाही. "चार दिवस अन्न-पाणी घेत नाही, दोनदा घराबाहेर निघून गेले, काल पत्नीवर धावून गेले, घरी सांभाळणं शक्य नाही" अशी नोंद डॉक्टरांनी केली की भरती का हवी ते दिसतं. ही माहिती घरच्यांनीच, तारखांसह, डॉक्टरांना द्यायची असते.

साठ ते एकोणसत्तर वयाच्यांनी काय करायचं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०२३ च्या निर्णयाने ती पिवळ्या-केशरीपुरती न राहता पांढऱ्या रेशनकार्डापर्यंत पोचली आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख झाली. हेल्पलाइन १५५३८८.

इथे सगळं रेशनकार्डावरच्या नावावर चालतं. गावचं कार्ड थोरल्या मुलाच्या नावे, आई धाकट्याकडे पुण्यात, आणि नाव मधल्या काळात एका कार्डावरून कमी झालं पण दुसऱ्यावर चढलंच नाही, ही गत सर्रास आढळते. भरतीच्या रात्री हे दुरुस्त होत नाही. आज रेशनकार्ड उघडून बघा.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० रुपये मानसिक आरोग्यासाठी वापरता येतात का?

हो. २०२४ च्या या योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची यांबरोबर मनःस्वास्थ्य केंद्र आणि योगोपचार केंद्र यांचाही उल्लेख आहे. पात्रता ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत. रक्कम एकदाच मिळते. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात. नव्याने अर्ज करताना स्वीकृती चालू आहे का, ते तिथेच विचारा.

अर्ज मंजूर झाला पण पैसे आले नाहीत, ही तक्रार जवळपास नेहमी बँकेशी निगडित असते. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणं वेगळं आणि सरकारी रकमेसाठी ते खातं आधारवर नोंदलेलं असणं वेगळं. सरकारी रक्कम आधारवर सर्वांत शेवटी नोंदलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी (म्हणजे थेट खात्यात येणाऱ्या सरकारी रकमेसाठी) आधार सीडिंग याच खात्याला आहे का" असाच प्रश्न विचारा. "आधार लिंक आहे का" विचारलं तर हो म्हणतील, आणि पैसे दुसऱ्याच, विसरलेल्या जनधन खात्यात पडून राहतील.

दरमहा काही मिळतं का? दिव्यांग दाखला काढावा का?

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ पुढच्यांना दरमहा १५०० रुपये मिळतात, उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार. ६५ च्या आतल्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, तिथे दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा ५० हजार. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूत. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला लागतो.

मानसिक आजार हा २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दिव्यांगत्वाचा एक प्रकार आहे. नोंदणी युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर, तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या मंडळासमोर. लाभासाठी ४० टक्के लागतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद-समज आणि काम या चार बाबींवर गुण देतात, आणि गेल्या दोन वर्षांत आजार किती महिने होता तेही मोजतात. म्हणून जुने केसपेपर जपा. कागद नसेल तर दोन वर्षांचा आजार दोन महिन्यांचा दिसतो. मंडळासमोर वडिलांना इस्त्रीचे कपडे घालून, "सगळं करतात ते" असं अभिमानाने सांगू नका. आंघोळ कोण घालतं, गोळ्या कोण देतं, ते खरं सांगा. यात त्यांचा अपमान नाही.

निरामय विमा योजना स्मृतिभ्रंशाला लागू आहे का?

नाही. ती राष्ट्रीय न्यासाची योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच आहे. एजंट पैसे घेऊन अर्ज भरून देत असेल तर देऊ नका.

कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना काही आहे का?

आहे, आणि फार कमी लोकांना माहीत आहे. किमान ५ वर्षं ईएसआयसीत विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि पती किंवा पत्नीचे उपचार चालू ठेवता येतात. यात ओपीडी आणि गोळ्याही येतात, म्हणून मानसिक आजारात याची किंमत मोठी. जुना विमा क्रमांक शोधा आणि शाखा कार्यालयात जा.

खासगी विमा कंपनी "मानसिक आजार बसत नाही" म्हणते. ते बरोबर आहे का?

मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजारांसारखाच मानसिक आजारांनाही विमा द्यायचा. नकार लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा, तिथे निपटलं नाही तर विमा लोकपालांकडे. प्रतीक्षा कालावधी मात्र लागू होऊ शकतो.

घरी सांभाळायला माणूस ठेवला तर त्याचा खर्च कोण देतं?

कुणीच नाही. या व्यवस्थेतली सर्वांत मोठी पोकळी हीच. स्मृतिभ्रंशाच्या घरात खरा खर्च आणि खरी दमणूक दिवसरात्र लक्ष ठेवण्याची असते, आणि ती बहुधा एकाच बाईच्या अंगावर पडते. देशातल्या साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं असल्याचा अंदाज आहे. तेवढ्या घरांसाठी सरकारी देखभाल भत्ता असायला हवा, तो नाही.

जे आहे ते असं: केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून संस्थांना वृद्धाश्रम चालवायला आणि गंभीर आजारी किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या किमान २० ज्येष्ठांच्या सतत देखभालीच्या गृहाला अनुदान मिळतं. पैसा संस्थेला जातो, घराला नाही. जवळ असं गृह आहे का, हे ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ विचारता येतं. प्राप्तिकर भरणाऱ्यांना जुन्या करपद्धतीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्वात सव्वा लाखाची वजावट आहे. त्यासाठीही दाखला लागतोच.

मोठ्या ट्रस्ट रुग्णालयात सवलत मिळते का?

सरकारी पैसा नसला तरी कायद्याचा हक्क आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नमर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या.

सही कोण करणार?

हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात. मानसिक आरोग्यसेवा कायद्यात साध्या कागदावर, सहीनिशी, नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. उपचारांच्या निर्णयांत तो मदत करतो, बँकेच्या व्यवहारांशी त्याचा संबंध नाही. मुखत्यारपत्र केलं असलं तरी देणाऱ्याची मानसिक क्षमता गेल्यावर ते कायद्याने संपतं. आजार सुरुवातीला आहे तोवरच, त्यांना समजतंय तोवरच, त्यांच्या संमतीने बँकेत दुसरं नाव जोडून घ्या. पुढे गेल्यावर न्यायालयाशिवाय मार्ग उरत नाही.

गोव्यातल्यांसाठी?

बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था ही मुख्य सरकारी जागा. वय वंदना कार्डाच्या जोडीला दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला ४ लाख, अट ५ वर्षं वास्तव्याची.

हक्क असून मिळत नसेल तर?

आधी रुग्णालयातले वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांना दोन ओळींचं लेखी पत्र आणि पोच. कार्डाच्या तक्रारी १४५५५ आणि १५५३८८ वर, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मानसिक आरोग्यसेवा कायद्याखालचा हक्क नाकारला असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो, आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. जाताना औषध उपलब्ध नसल्याची ती नोंद असलेला केसपेपर बरोबर न्या.